डब्यातलं माल्ट आणि पातेल्यातले दाणे

दिवाळी अंकात बिअरवर लेख? काही वाचकांच्या भुवया वर गेल्या असतील, काहींनी घाईघाईने पुढची पाककृती शोधायला पान उलटलं असेल. मंडळी, जरा थांबा. हा लेख पिण्याबद्दल नाही, करण्याबद्दल आहे. ज्यांनी आयुष्यात बिअरला हात लावला नाही आणि लावणारही नाहीत, त्यांनीही तो वाचायला हरकत नाही. कारण मूळ गोष्ट आहे ती घरातल्या एका कौशल्याची. ते घराबाहेर गेलं, डब्यात बंद झालं आणि पुढे त्याच डब्याच्या आधाराने घरात परत आलं.

इथे अमेरिकेत आपल्या ओळखीतला एखादा तरी शेजारी किंवा ऑफिसमधला सहकारी गराजमध्ये बिअर करणारा असतोच. आता तर आपल्या मराठी मंडळींतही असे हौशी लोक निघाले आहेत. त्यांच्या गप्पा ऐकल्या तर 'ऑल-ग्रेन', 'एक्स्ट्रॅक्ट' आणि 'पार्शल मॅश' हे तीन शब्द सारखे कानावर पडतात. हे तीन प्रकार कुठून आले आणि एकातून दुसऱ्यात कसं जायचं, ते पाहू.

मोड आलेला दाणा

आपल्याकडे बाळाला सहा महिन्यांनंतर मोड आलेल्या नाचणीची खीर देतात. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, हलकी भाजायची आणि दळायची. हे पीठ शिजवलं की साध्या नाचणीच्या पिठाइतकं घट्ट होत नाही, चवीला थोडं गोड लागतं आणि बाळाला पचतं. ही आपल्या आजीची 'माल्टिंग'ची पद्धतच. बार्लीला, म्हणजे आपल्या सातूला, हेच केलं की त्याला माल्ट म्हणायचं.

मोड येताना दाण्यात काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तयार होतात. दाण्यातल्या स्टार्चची साखर करणं हे त्यांचं काम. दळलेलं माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवलं की बहुतेक स्टार्चची साखर होते. याला 'मॅश' म्हणतात. गाळून जे गोड पाणी निघतं ते 'वर्ट'. ते हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचं, थंड करायचं आणि त्यात यीस्ट घालायचं. पुढचं काम यीस्ट करतं.

ही विकरं पहिल्यांदा वेगळी काढली ती १८३३ साली, आंसेल्म पायेन आणि झाँ-फ्रांस्वा पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी. त्यांनी त्या पदार्थाला 'डायास्टेज' हे नाव दिलं. एन्झाइम्सच्या नावांना शेवटी 'एज' लावायची पद्धत तिथूनच पडली. त्यांच्या कामातली आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की थोडंसं डायास्टेज पुष्कळ स्टार्चला पुरतं. म्हणजे मोड आलेला दाणा स्वतःपुरतं तर भागवतोच, शिवाय मोड न आलेल्या दाण्यालाही हात देतो. पार्शल मॅशचं सगळं गणित या एका वाक्यावर उभं आहे.

घरातलं काम

इंग्लंडमध्ये कित्येक शतकं बिअर करणं हे घरातलं, आणि मुख्यतः बायकांचं काम होतं. पाव भाजायचा, लोणी काढायचं, तशीच बिअर करायची. अमेरिकेतल्या वसाहतींमध्येही ही पद्धत आली, पण इथे माल्ट सहज मिळत नसे. मग जे मिळेल त्यावर भागवणं सुरू झालं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या १७५७ च्या वहीत हलक्या बिअरची एक कृती आहे. त्यात माल्ट नाहीच! कोंडा आणि हॉप्स तीन तास उकळायचे, ३० गॅलन पाणी गाळून घ्यायचं आणि त्यात ३ गॅलन काकवी घालायची. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस काकवीची बिअर करत होता, तर आजच्या गराजवाल्यांनी डब्यातलं माल्ट वापरायला लाजायचं कशाला, असा प्रश्न पडतो. या प्रश्नाकडे शेवटी परत येऊ.

डबा कुठून आला?

माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे आटवलेला वर्ट. उसाचा रस आटवून काकवी करतात तसा. तो जन्माला आला तो मात्र जहाजांसाठी. अठराव्या शतकात लांबच्या प्रवासात खलाशी स्कर्व्हीने मरत. माल्टचा वर्ट पाजला तर रोग टळेल असा तेव्हा एक समज होता. म्हणून १७६८ मध्ये निघालेल्या कॅप्टन कुकच्या 'एंडेव्हर' जहाजावर माल्ट भरलं होतं. कुकच्या दुसऱ्या सफरीत तर आटवलेला वर्टच बरोबर दिला होता. १७७३ मध्ये न्यूझीलंडच्या डस्की साउंड या खाडीत कुकने तिथल्या झाडांचा पाला उकळून, त्यात हा आटवलेला वर्ट आणि काकवी घालून बिअर केली. वर्टमध्ये 'क' जीवनसत्त्व नसतं, त्यामुळे स्कर्व्हीवर त्याचा उपयोग नव्हता. पण दाणे, चक्की आणि मोठी भांडी नसतानाही नुसतं पाणी मिळालं की बिअर करता येते, हे मात्र तेव्हाच दिसून आलं.

पुढे एकोणिसाव्या शतकात साखर कारखान्यांसाठी हवेचा दाब कमी करून कमी तापमानावर रस आटवायची भांडी निघाली, आणि न करपता माल्ट आटवणं सोपं झालं. मग एक्स्ट्रॅक्ट औषधाच्या आणि बाळाच्या खाण्याच्या दुकानात शिरलं. इंग्लंडमधून आलेल्या विल्यम आणि जेम्स हॉर्लिक या भावांनी विस्कॉन्सिनमधल्या रासीन गावी १८८३ साली माल्ट घातलेल्या दुधाच्या भुकटीचं पेटंट घेतलं. हो, तेच हॉर्लिक्स! परीक्षेच्या दिवसांत आई पहाटे कपात घालून आणून द्यायची ते. त्यात माल्ट आणि गव्हाचं पीठ एकत्र मॅश करतात, म्हणजे माल्टमधली विकरं गव्हाच्या पिठातल्या स्टार्चचीही साखर करतात. मग ते दुधाबरोबर आटवून वाळवायचं. पार्शल मॅशची अर्धी विद्या आपण लहानपणीच पिऊन बसलो आहोत, ती अशी.

दारूबंदी आणि किराणा दुकान

१७ जानेवारी १९२० रोजी अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी लागू झाली. बिअरचे कारखाने बंद पडले, काही तगले. तगले ते कसे? पॅब्स्ट आणि अनहॉयझर-बुश यांसारख्या नामांकित कंपन्यांनी माल्ट सिरपचे डबे विकायला काढले. पाव आणि बिस्किटांसाठी म्हणून. काही डब्यांत हॉप्सची चवही घातलेली असे. आता हॉप्स घातलेला कडू पाव कोण भाजतं, हे गिऱ्हाइकाला ठाऊक होतं, दुकानदाराला ठाऊक होतं आणि सरकारलाही ठाऊक असणारच.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला हा खेळ नवीन वाटणार नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याविरुद्ध बलसारा नावाच्या गृहस्थांनी दाद मागितली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं यांच्यावरची बंधनं रद्द ठरवली. बंदी कुठलीही असो, तिची फट औषधाच्या नाहीतर किराण्याच्या फळीवर सापडते.

अमेरिकेतल्या त्या घरगुती बिअरची कृती सोपी होती. एक डबा माल्ट, भरपूर साखर, पाणी आणि पावाचं यीस्ट. तळघरात बाटल्या भरून ठेवायच्या आणि रात्री एखादी फुटली की दचकून उठायचं! साखर जास्त असल्यामुळे बिअर पातळ व्हायची आणि पावाच्या यीस्टमुळे तिला भलताच वास यायचा. 'घरची बिअर' या शब्दाला जी बदनामी चिकटली ती इथे. दोष डब्याचा कमी आणि साखरेचा जास्त होता, पण नाव डब्याचं खराब झालं.

५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली. घरी वाइन करायला परवानगी राहिली, बिअर करायला मात्र मिळाली नाही. एक पिढी तळघरातला डबाच शिकली होती. दाणे दळून मॅश करणं काय असतं हे तिच्या आजीला ठाऊक असेलही, पण नातीला सांगायला कोणी उरलं नव्हतं. एखादं कौशल्य घरातून जायला किती काळ लागतो? फार नाही, एक-दोन पिढ्या पुरतात.

कायदा सैल झाला

इंग्लंडमध्येही घरच्या बिअरवर बंधन होतं, पण वेगळं. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरचा जुना कर काढून बिअरवर कर बसवला आणि घरी बिअर करणाऱ्यांना परवाना घ्यायला लावला. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी ही परवान्याची भानगड काढून टाकली. त्यानंतर तिथे माल्टच्या डब्यांचे संच दुकानादुकानांतून मिळू लागले आणि डेव्ह लाइनसारख्या लेखकांनी घरी दाणे मॅश करायची विद्या पुस्तकांतून पुन्हा शिकवायला सुरुवात केली. त्याचं 'द बिग बुक ऑफ ब्रुइंग' १९७४ साली आलं.

अमेरिकेत हे व्हायला आणखी थोडा काळ जावा लागला. कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी आणलेली दुरुस्ती असलेल्या विधेयकावर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून घरची बिअर केंद्र सरकारच्या दृष्टीने कायदेशीर झाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, तीही स्वतःसाठी, विकायला नाही. (घरी दारू गाळायला या कायद्याने परवानगी दिली नाही, हे हातभट्टीच्या कथा रंगवून सांगणाऱ्या मित्रांनी लक्षात ठेवावं.) राज्यांचे कायदे वेगळे. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये राजी झाली.

१९७८ मध्येच कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन काढली. पपाझियनचा पेशा शिक्षकाचा, आणि १९८४ मध्ये आलेल्या त्याच्या 'द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रुइंग' या पुस्तकाची मांडणीही मास्तराला शोभेल अशीच आहे, पायरीपायरीची. आधी डबा, मग डब्याबरोबर थोडे दाणे, आणि शेवटी सगळं दाण्यांपासून. डब्यावर वाढलेल्या लोकांना दाण्यापर्यंत परत नेणारा हा जिना होता. त्यातली मधली पायरी म्हणजे पार्शल मॅश.

हा जिना चढून काय झालं? १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभराच्या आत आले होते. आज ते नऊ हजारांहून अधिक आहेत. सिएरा नेव्हाडा ही कंपनी १९८० मध्ये सुरू करणारा केन ग्रॉसमन आधी घरीच बिअर करायचा आणि चिको गावात घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान चालवायचा. नव्या कारखान्यांच्या कितीतरी मालकांची सुरुवात अशीच स्वयंपाकघरातून झाली.

मधल्या पायरीचा हिशेब

आता मुद्द्याचं. चांगल्या कृती बहुधा ऑल-ग्रेन पद्धतीने लिहिलेल्या असतात. पाच गॅलन बिअरसाठी दहा-बारा पौंड दाणे, ते भिजवायला मोठं भांडं, गाळायची सोय, सात-आठ गॅलन उकळायला गॅसची मोठी शेगडी. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने काय करायचं? कृतीचं रूपांतर करायचं.

हा हिशेब शक्य झाला तोही इतिहासामुळेच. १७८४ मध्ये इंग्लंडमधल्या हल गावच्या जॉन रिचर्डसनने बिअर करणाऱ्यांसाठी हायड्रोमीटर वापरायची पद्धत मांडली. कुठल्या माल्टमधून किती साखर निघते हे त्यामुळे मोजता येऊ लागलं. आज अमेरिकेत एक पौंड पदार्थ एक गॅलन वर्टमध्ये किती 'पॉइंट' देतो असं मोजतात. साधी साखर ४६, माल्ट एक्स्ट्रॅक्टची भुकटी सुमारे ४४, पातळ एक्स्ट्रॅक्ट सुमारे ३६. साध्या फिक्या माल्टमध्येही सुमारे ३६ असतात, पण घरच्या भांड्यात त्यातले पाऊण, म्हणजे २७ हाती लागतात. यावरून सोपा नियम निघतो. एक पौंड फिक्या माल्टऐवजी पाऊण पौंड पातळ एक्स्ट्रॅक्ट, किंवा ०.६ पौंड भुकटी.

पण सरसकट सगळेच दाणे बदलता येत नाहीत. आधी त्यांचे तीन ढीग करायचे. पहिला ढीग क्रिस्टल माल्ट, चॉकलेट माल्ट, भाजलेली बार्ली यांचा. यांना मॅशची गरज नाही. चहासारखे गरम पाण्यात भिजवले तरी रंग आणि चव उतरते. दुसरा ढीग ओट्स, पोह्यांसारखी चेपलेली बार्ली यांचा. यांच्यात स्टार्च भरपूर पण विकरं नाहीत. नुसते भिजवले तर वर्ट पिठूळ होतो. यांना मॅश हवाच, आणि सोबत विकरं असलेलं माल्टही हवं. तिसरा ढीग साध्या फिक्या माल्टचा, ज्याला 'बेस माल्ट' म्हणतात. कृतीत याचंच वजन सगळ्यात जास्त असतं आणि एक्स्ट्रॅक्टही मुख्यतः याचंच केलेलं असतं. म्हणून कात्री लावायची ती या तिसऱ्या ढिगाला, पण सगळ्या ढिगाला नाही. दुसऱ्या ढिगाला हात देण्यापुरतं बेस माल्ट ठेवायचं.

उदाहरण घेऊ. पाच गॅलन ओटमील स्टाउटची कृती: फिकं माल्ट ८ पौंड, ओट्स १ पौंड, क्रिस्टल माल्ट पाऊण पौंड, चॉकलेट माल्ट आणि भाजलेली बार्ली प्रत्येकी अर्धा पौंड. पहिले दोन ढीग जसेच्या तसे ठेवा. फिक्या माल्टपैकी २ पौंड ठेवा, ६ पौंड काढा. सहा गुणिले पाऊण, म्हणजे साडेचार पौंड पातळ एक्स्ट्रॅक्ट, किंवा सुमारे ३.६ पौंड भुकटी. मॅशसाठी उरले पावणेपाच पौंड दाणे. पौंडाला सव्वा क्वार्ट या हिशेबाने सुमारे सहा क्वार्ट पाणी. घरातल्या मोठ्या पातेल्यात हे सहज मावतं. दाणे जाळीच्या पिशवीत बांधून तासभर ६५ ते ६८ अंशांवर ठेवायचे, मग ७५ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्याने धुऊन घ्यायचे. चक्क्यासाठी फडक्यात दही बांधलेल्या हातांना हे काम शिकवावं लागत नाही.

तीन गोष्टी सांभाळायच्या. एक्स्ट्रॅक्ट नेहमी सगळ्यात फिकं घ्यायचं. गडद एक्स्ट्रॅक्टमध्ये क्रिस्टल वगैरे आधीच घातलेलं असतं आणि मग तुमचा हिशेब चुकतो. दुसरं, लहान पातेल्यात वर्ट दाट असला तर हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो आणि रंगही काळवंडतो. म्हणून बरंचसं एक्स्ट्रॅक्ट उकळी संपता संपता घालायचं. तिसरं, यीस्ट घालण्याआधी वर्ट नीट ढवळून हायड्रोमीटर लावायचा. मूळ कृतीतला आकडा आणि तुमचा आकडा जवळपास आला की रूपांतर जमलं. कमी पडला तर थोडी भुकटी, जास्त झाला तर थोडं पाणी.

अर्धवट की मधलं?

होमब्रूअर्सच्या क्लबात ऑल-ग्रेनवाले कधीकधी डबेवाल्यांकडे जरा नाक मुरडून बघतात. सोवळं-ओवळं फक्त आपल्याकडेच असतं असं नाही! पण इतिहास पाहिला तर हे नाक मुरडणं टिकत नाही. वॉशिंग्टनची काकवी, कुकचा आटवलेला वर्ट, तळघरातला डबा, प्रत्येक वेळी हाताशी होतं त्यावरच भागवलं गेलं. डबा नसता तर १९७९ नंतर हजारो लोकांनी सुरुवातच केली नसती. आणि सगळे डब्यावरच थांबले असते, तर मॅश कसा करतात हे फक्त कारखान्यांना ठाऊक राहिलं असतं. 'पार्शल' या शब्दाचा अर्थ म्हणूनच मला 'अर्धवट' असा लावावासा वाटत नाही. जिन्यातली पायरी अर्धवट नसते, मधली असते.

आपण परदेशात राहणारी माणसं या पायरीवर नेहमीच उभे असतो. चकलीची भाजणी पाकिटातली, पण मोहन आपल्या हातचं. गोडा मसाला पुण्याहून आलेला, पण आमटीची फोडणी इथली. यात कमीपणा काही नाही. काळजी एवढीच घ्यायची, की भाजणीत कोणती धान्यं असतात आणि ती का भाजतात, हे घरातल्या एका तरी मुलाला ठाऊक असावं. पाकीट मिळेनासं झालं तर ते त्याला करता यावं. अमेरिकेत आजीची विद्या नातीपर्यंत पोचली नाही, आणि ती परत आणायला एक कायदा, काही पुस्तकं आणि पुष्कळ वर्षं लागली.

तेव्हा या दिवाळीत भाजणीचं पाकीट जरूर उघडा. पण एखाद्या शनिवारी मुलांना जवळ बसवून मूठभर नाचणीला मोड आणून दाखवा. पुढे त्याची खीर होते की आणखी काही, ते त्यांचं ते ठरवतील. वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाल्यावर, अर्थातच!